दोनशे फुटांवर काय ठरवाल?

गेल्या काही महिन्यांत पेपर उघडला की विमानाची बातमी असतेच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली आणि पायलटच्या ड्यूटीचे तास हा विषय थेट कॉलेजच्या कट्ट्यावर आला. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. त्याआधी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली होती. एवढी विमानं येणार, तर पायलटही लागणार, हे गणित कुणालाही कळतं. मग खंडाळा, शिरवळ, लोणंदच्या मुलामुलींनाही वाटतं, आपण का नाही?

त्यातले काही जण पहिलं पाऊल घरीच टाकतात. लॅपटॉपवर फ्लाइट सिम्युलेटर डाउनलोड करतात, लोहगाव निवडतात, विमान उडवतात. खंडाळ्यापासून लोहगावची धावपट्टी सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर. (लोणावळ्याच्या शेजारचं खंडाळा नाही, खंबाटकीच्या पायथ्याचं आपलं खंडाळा!) जेट विमानाला हे अंतर कापायला दहा मिनिटंही लागत नाहीत. उडवणं तसं लवकर जमतं. खरी मजा आणि खरी परीक्षा उतरताना असते, आणि तीही ढग खाली आलेले असताना, धावपट्टी दिसत नसताना. याच उतरण्याला 'आयएलएस अप्रोच' म्हणतात. तो घरच्या स्क्रीनवर शिकता येतो का, शिकून काय मिळतं, आणि घरच्यांनी तुमच्यासाठी पन्नास लाखांचा विचार करण्याआधी त्यातून तुम्हाला स्वतःबद्दल काय कळतं, हे आज जरा नीट पाहू.

एफएम संपतो तिथून सुरू

आयएलएस म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. नाव भारी असलं, तरी कल्पना सोपी आहे. तुमच्या मोबाइलवरचा एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो ना? त्याच्या लगेच पुढे, १०८ ते ११२ च्या पट्ट्यात आयएलएसचा 'लोकलायझर' बोलतो. त्याचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो. तो दोन सूर पाठवतो, एक ९० हर्ट्झचा, दुसरा १५० हर्ट्झचा. उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला ९० चा जोर जास्त, उजव्या बाजूला १५० चा. दोन्ही सारखे आले, की तुम्ही बरोबर धावपट्टीच्या रेषेत आहात. कॉकपिटमधला उभा काटा मध्ये येतो.

दुसरा भाग 'ग्लाइड स्लोप'. हा धावपट्टीच्या सुरुवातीजवळ, बाजूला असतो. त्याचंही तसंच, फक्त आडवं: वरच्या बाजूला ९० चा जोर, खालच्या बाजूला १५० चा. दोन्ही सारखे येतात ती वाट साधारण ३ अंशांनी खाली उतरते. या वाटेवर विमान दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली येतं. धावपट्टी १० नॉटिकल मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर दूर असेल, तर तुम्ही साधारण ३,००० फूट उंच असायला हवं. किती अंतर म्हणाल, तर खंडाळ्यातून निघून शिरवळच्या पुढे नीरा ओलांडावी, साधारण एवढं.

पावसाळ्यात धुकं उतरल्यावर खंबाटकीतून गाडी काढली असेल, तर हे लगेच कळेल. समोर काही दिसत नाही, तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून जातो. आयएलएस ही आकाशातली पांढरी पट्टी आहे. फरक एवढाच, की घाटात गाडी कडेला घेऊन थांबता येतं. विमानाला हवेत तशी सोय नाही.

ही पद्धत किती जुनी? २६ जानेवारी १९३८ ला अमेरिकेत वॉशिंग्टनहून निघालेलं एक प्रवासी विमान हिमवादळात, अशाच रेडिओच्या वाटेने पिट्सबर्गला उतरलं. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळातलं तंत्र. आता सगळीकडे जीपीएस असताना ते शिकायचं कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल. त्याचं उत्तर २०२५ मध्ये दिल्लीने दिलं.

दिल्लीत काय झालं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या मुख्य धावपट्टीवर, १० नंबरच्या बाजूने उतरताना लागणाऱ्या आयएलएसचं अपग्रेडचं काम चालू होतं. त्यामुळे त्या बाजूने येणारी विमानं उपग्रहाच्या सिग्नलवर उतरत होती. नेमकं तेव्हाच 'जीपीएस स्पूफिंग' झालं. जॅमिंगमध्ये सिग्नल दाबून टाकतात, म्हणजे यंत्राला काहीच कळत नाही. स्पूफिंग त्याहून वाईट. यात खोटा सिग्नल पाठवून यंत्राला खोटं ठिकाण सांगितलं जातं, आणि ते यंत्राला खरं वाटतं. काही विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. १ डिसेंबरला सरकारने संसदेत हे मान्य केलं. ज्या धावपट्ट्यांवर जुनी, जमिनीवरची उपकरणं चालू होती, तिथे परिणाम झाला नाही, असंही त्याच उत्तरात सांगितलं. जमिनीवरच्या अशा उपकरणांचं किमान जाळं देशात राखून ठेवलं आहे, हेही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. फिनएअर या कंपनीने २०२४ मध्ये एस्टोनियातल्या टार्टू शहराची उड्डाणं एप्रिलच्या अखेरीपासून महिनाभर बंद ठेवली. कारण तिथलं उतरणं जीपीएसवर अवलंबून होतं आणि सिग्नलमध्ये गडबड होत होती. जीपीएसशिवाय उतरायची सोय झाल्यावरच विमानं पुन्हा सुरू झाली.

मग उपग्रह वाईट आणि आयएलएस चांगलं, असं म्हणायचं का? नाही. आयएलएसची अडचण अशी, की धावपट्टीच्या प्रत्येक टोकासाठी वेगळी, महागडी यंत्रणा लागते, ती वेळोवेळी विमान उडवून तपासावी लागते, आणि समोर डोंगर किंवा इमारती असल्या की सिग्नल बिघडू शकतो. छोट्या विमानतळाला हे परवडतंच असं नाही. म्हणून भारताने स्वतःची 'गगन' ही उपग्रह यंत्रणा उभी केली. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला 'गगन'च्या मदतीने उतरलं. धावपट्टीवर काहीही नवीन न बसवता आयएलएससारखी वाट मिळते, हा त्याचा फायदा.

आता यात आपला संबंध कुठे येतो? दिल्लीकडे दुसऱ्या धावपट्ट्या आहेत, दुसरी आयएलएस आहेत. छोट्या गावाच्या विमानतळाला बहुतेक वेळा उपग्रहच एकमेव आधार असणार. म्हणजे सिग्नलमधल्या गडबडीची बातमी दिल्लीची असली, तरी तिचा खरा फटका छोट्या शहरांच्या विमानसेवेला बसू शकतो. 'उडान'मधून आपल्याकडे विमान कधी येणार, एवढाच प्रश्न आपण विचारतो. ते खराब हवेत कशाच्या भरवशावर उतरणार, हाही प्रश्न विचारायला हवा.

स्क्रीनवर कसं शिकायचं?

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, ते तुमच्या मशिनवर आहे. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम्युलेटर दिसायला अफलातून आहे, पण त्याला तगडं मशिन आणि बरं इंटरनेट लागतं. एक्स-प्लेन १२ आहे. काहीच खर्च करायचा नसेल, तर फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालू शकतं. भारतातल्या विमानतळांचे खरे नकाशे एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या 'ई-एआयपी'मध्ये कुणालाही फुकट बघता येतात. लोहगावचा नकाशा तिथून घ्या. हवाई दलाचा तळ असलेली ही धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे.

सुरुवात बोइंगने करू नका. सेस्ना १७२ घ्या, ऑटोपायलट बंद ठेवा आणि आकाश स्वच्छ ठेवा. एक सोपं गणित पाठ करा: जमिनीवरचा वेग नॉट्समध्ये घ्या, त्याला ५ ने गुणा. येणारं उत्तर म्हणजे मिनिटाला किती फूट खाली यायचं. ९० नॉट्स असेल तर ४५० फूट. मोठ्या जेटचा वेग १४० असतो, तिथे ७००.

ग्लाइड स्लोप नेहमी खालून पकडा. ३ अंशांच्या खऱ्या वाटेच्या वर, जास्त उताराच्या खोट्या वाटाही तयार होतात. वरून घाईघाईने खाली येणारा त्यात फसू शकतो.

पहिल्या दिवशी काटा तुम्हाला वेड लावेल. डावीकडे गेला म्हणून तुम्ही विमान डावीकडे वळवाल, तर तो उजवीकडे जाईल. याचं कारण असं, की लोकलायझरची वाट नरसाळ्यासारखी आहे. लांब असताना रुंद, जवळ आल्यावर अरुंद. दहा मैलांवर जी चूक काटा जेमतेम हलवते, तीच चूक एका मैलावर काटा टोकाला नेते. म्हणून जसजसे जवळ याल, तसतसं वळण कमी करत न्यायचं. चार-पाच अंशांपेक्षा जास्त हात हलवायचाच नाही. आठवडाभर रोज अर्धा तास दिलात, तर काटे मध्ये राहायला लागतील.

बहुतेक जण इथेच थांबतात. व्हिडिओ रेकॉर्ड करतात, स्टेटसला टाकतात. पण काटे मध्ये ठेवणं ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी शिकायला एक मित्र किंवा मैत्रीण लागते.

शेवटचे सतरा सेकंद

साध्या, म्हणजे कॅटेगरी १ च्या आयएलएसमध्ये एक आकडा आधीच ठरलेला असतो: जमिनीपासून २०० फूट. याला 'डिसिजन हाइट' म्हणतात. साधारण वीस मजली इमारतीएवढी उंची. तिथे पोचल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले, तर उतरायचं. नाही दिसले, तर इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, नाक वर करायचं आणि निघून जायचं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. '२०० ला नाही दिसलं, १५० ला दिसेल' हा विचार करायची परवानगी नाही. मिनिटाला ७०० फुटांनी खाली येणारं विमान २०० फुटांवरून जमिनीला टेकायला फक्त १७ सेकंद घेतं. एवढ्यात विचार करून होत नाही. म्हणून विचार आधी करून ठेवायचा असतो.

आता मित्राला शेजारी बसवा. हवामान त्याने ठरवायचं, तुम्हाला न सांगता. कधी ढग ४०० फुटांवर, कधी १००. तुम्ही फक्त काट्यांकडे बघायचं, तो उंची मोठ्याने सांगणार: "पाचशे... तीनशे... दोनशे." दोनशेला तुम्ही वर बघायचं आणि एकच शब्द बोलायचा: 'उतरतोय' किंवा 'गो-अराउंड'. आणखी एक नियम ठेवा. १,००० फुटांवर वेग, रेषा, उतार यातलं काहीही हललेलं असेल, तर मित्राने 'गो-अराउंड' म्हणायचं आणि तुम्ही वाद न घालता ऐकायचं. खऱ्या विमान कंपन्यांतही ढगातून येताना याच उंचीवर अप्रोच स्थिर असायला लागतो.

वहीत दोन आकडे लिहा: किती वेळा उतरलात आणि किती वेळा निघून गेलात. दुसरा आकडा शून्य असेल, तर एक तर मित्र तुम्हाला सोपं हवामान देतोय, नाही तर तुम्ही स्वतःला फसवताय.

हा खेळ वाटेल. पण आपल्या देशातले दोन मोठे अपघात याच ठिकाणी झाले आहेत.

७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या काळात दुबईहून लोकांना घेऊन एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात कोळिकोडला आलं. कॅप्टन होते दीपक साठे. मराठी माणूस, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव. पहिल्यांदा धावपट्टीवर येताना ते उतरले नाहीत, नियमाप्रमाणे निघून गेले. दुसऱ्यांदा विरुद्ध बाजूने आले, तेव्हा वारा पाठीमागून होता. अप्रोच स्थिर नव्हता. साधारण २,७०० मीटरच्या ओल्या धावपट्टीवर विमान जवळपास अर्ध्यात टेकलं आणि टोकावरून खाली गेलं. १९० पैकी २१ जणांचा जीव गेला, त्यात दोन्ही पायलट होते. चौकशी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. सह-वैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं, आणि सह-वैमानिकानेही ताबा घेतला नाही, असं त्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनचं पुढचं उड्डाण ठरलेलं होतं. वेळेत पोचण्याचा ताण, कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटी, सगळं त्या अहवालात नोंदवलं आहे. त्यामुळे एका माणसाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

त्याच्या दहा वर्षं आधी, २२ मे २०१० ला मंगळूरला असंच घडलं. विमान ग्लाइड स्लोपच्या खूप वरून आलं, धावपट्टीवर फार पुढे टेकलं. १५८ जण गेले. तिथेही सह-वैमानिकाने एकदा नाही, तीनदा 'गो-अराउंड' म्हटलं होतं.

दोन्ही वेळा बरोबर बोलणारा माणूस हुद्द्याने लहान होता. हे तुमच्या-माझ्या घरातलंच वाटत नाही का? मोठ्यांपुढे बोलायचं नाही, बोललो तरी एकदाच, आणि ऐकलं नाही तर गप्प बसायचं. कॉकपिटमध्ये हा संस्कार घातक ठरतो, म्हणून जगभरात पायलटना जोडीने काम करण्याचं वेगळं ट्रेनिंग देतात. गो-अराउंड घेतल्याबद्दल पायलटला जाब विचारायचा नाही, असं धोरण कंपन्या ठेवतात. म्हणून वरच्या खेळात जागा बदलत राहा. तुमच्यापेक्षा मोठ्या भावाला किंवा दादाला उडवायला बसवा आणि तुम्ही मोठ्याने 'गो-अराउंड' म्हणा. जीभ किती अडखळते, ते बघा.

सिम्युलेटर काय शिकवत नाही

खऱ्या ढगात तुमचा कान खोटं बोलतो. विमान सरळ असताना ते वळतंय असं वाटतं आणि वळत असताना सरळ वाटतं. खुर्चीत बसून ही भावना येत नाही. घाम फुटत नाही, पेट्रोल संपत नाही, आणि कीबोर्डवर पॉजचं बटण असतं. घरी लागलेल्या काही सवयीही चुकीच्या असू शकतात, त्या फ्लाइंग स्कूलमध्ये मोडाव्या लागतात. एक गोष्ट स्पष्ट असू द्या: कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं आणि त्यात घरच्या कॉम्प्युटरवरचा एक मिनिटही धरला जात नाही. सिम्युलेटरचे काही तास धरतात, पण ते डीजीसीएने मान्यता दिलेल्या यंत्रावरचेच. घरच्या तासांचं सर्टिफिकेट देतो असं कुणी सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा.

तरीही घरचा सिम्युलेटर एका कामाला फार उपयोगी आहे. तुम्हाला विमान आवडतं की पायलटचं काम आवडतं, हे तो दाखवतो. युनिफॉर्म आणि इन्स्टा रील बघून विमान सगळ्यांनाच आवडतं. पण एकच अप्रोच सत्तर वेळा करायला, नकाशे वाचायला, आकडे मोठ्याने बोलायला आणि उतरायला मिळत नसताना शांतपणे परत फिरायला आवडतं का? महिनाभरात हे स्वतःलाच कळतं, आणि खर्च जॉयस्टिकचा.

घरचा निर्णयही आधी ठरवा

कारण पुढचा खर्च जॉयस्टिकचा नाही. पायलट ट्रेनिंगला पन्नास लाख किंवा त्याहून जास्त लागू शकतात. आपल्या भागात एवढे पैसे कुठून येतात, हे सांगायला नको. जमीन विकून, गहाण ठेवून, किंवा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले काढून. शेजारच्या बारामतीत वैमानिक प्रशिक्षण चालतं, त्यामुळे हे स्वप्न आपल्याला लांबचं वाटत नाही. हे चांगलंच आहे. पण एकदा फी भरायला लागली, की 'आता एवढे घातलेत, थोडे आणखी घालू' असं होतं. २०० फुटांच्या खाली गेलेल्या पायलटसारखं.

म्हणून कागदावर तुमची डिसिजन हाइट आधी लिहा, घरच्यांसमोर. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे का? नसेल तर ते विषय आधी द्या. फी भरण्याआधी डीजीसीएची मेडिकल, आधी क्लास २, मग क्लास १. डोळे, कान, हृदय यातलं काही अडलं, तर ते पहिल्या महिन्यात कळलेलं बरं. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम यांच्या लेखी परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात, त्या आधी देऊन बघा. फ्लाइंग स्कूल निवडताना विचारा: किती विमानं प्रत्यक्ष उडताहेत, २०० तास पूर्ण व्हायला आधीच्या मुलांना किती महिने लागले. आणि लायसन्स मिळाल्यावर नोकरी लगेच मिळाली नाही, तर हप्ता कोण भरणार, याचं उत्तर त्याच कागदावर लिहा. विमानांच्या ऑर्डर मोठ्या आहेत हे खरं, पण विमानं वर्षावर्षाने येतात आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला.

यातला एखादा दिवा दिसला नाही, तर परत फिरा. त्यात लाज नाही. विमानाच्या जगात पायलटखेरीज एअर ट्रॅफिक कंट्रोल आहे, इंजिनीअरिंग आहे, आणि आयएलएस लावून त्याची देखभाल करणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत. दिल्लीतल्या त्या धावपट्टीचं काम अशाच लोकांच्या हातात होतं. मेडिकलमध्ये अडलेल्या किंवा पन्नास लाख नसलेल्या मुलाला हे रस्ते उघडे असतात, फक्त त्यांची रील कुणी बनवत नाही.

आणि सगळे दिवे दिसले, तर बिनधास्त उतरा. तोवर या रविवारी मित्राला बोलवा, सेस्ना काढा, हवामान त्याच्या हातात द्या. दोनशे फुटांवर तो विचारेल, दिसतंय का? दिसत नसेल तर काय म्हणायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा.